पानभर ‘ये’

१

मला घरी कुणी आलेलं आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माणूस येतो, बसतो, पाणी पितो, तब्येत विचारतो आणि उठायचं नाव घेत नाही. आमच्या हिचं नेमकं उलटं. विजेचा मीटर बघायला आलेल्यालाही ही म्हणणार, "या ना, आत या. उभे का?" आणि तो मीटर बघून निघाला की परत, "या हं."

"अगं, तो चाललाय. त्याला या काय म्हणतेस?"

"जाणाऱ्याला जा म्हणू नये. तुम्हाला शिकवता शिकवता केस पिकले माझे."

मी जाणाऱ्याला जाच म्हणतो. जातो तो जातो. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

ही न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना जिन्याच्या तोंडाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "येते हं." माझ्या तोंडून सवयीने गेलं, "जा." स्ट्रेचर धरलेले दोघे जागच्या जागी थांबून माझ्याकडे बघायला लागले. ऑपरेशन चांगलं झालं, ही घरी आली, पण ते ‘जा’ काही विसरली नाही. भेटायला येईल त्याला सांगायची, "मरायला निघालेल्या बाईला जा म्हणाला हा माणूस."

एवढं बोलत होती, तोवर सगळं ठीक होतं.

२

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. हाड जुळलंय, आता पाय टेकायचा आणि वॉकर धरून रोज चालायचं. ह्या वयात जो उठला तो उठला, पडून राहिला तो पडूनच राहिला. रोज सकाळी एक व्यायामवाली यायची. ती हिचा पाय वाकवायची आणि मी दारात उभा राहून बोलायचो. "उचल. अजून उचल. नाटकं करू नको." शेवटी व्यायामवालीने आमच्या धाकट्या लेकीला फोन केला, की बाबांना काहीतरी उद्योग द्या, नाहीतर मी येत नाही.

धाकटी पुढच्याच रविवारी एक चपटा डबा घेऊन आली. आत मऊ टोकाची काळी पेनं आणि आखलेल्या कागदांचा गठ्ठा.

"सुलेखन. म्हणजे सुंदर अक्षर काढायचं. हल्ली सगळे घरी बसून करतात बाबा. डोकं शांत होतं."

"माझं डोकं शांतच आहे."

"हो तर," आतल्या खोलीतून हिचा आवाज आला. "ज्वालामुखी असतो तसं."

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचा सगळा जन्म कारखान्यात बॉयलरवर गेला. लिहिणं म्हणजे सही, तीही खिळे ठोकल्यासारखी. पण धाकटी मागे हटणारी नाही. ती माझीच पोर.

"बघा, टोक ब्रशासारखं आहे. खाली येताना दाब द्यायचा, रेघ जाड होते. वर जाताना दाब सोडायचा, बारीक होते. बस, एवढंच."

दाब म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. दाबातलं मला कळतं.

"आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ?"

"रेघ नाही द्यायची. हल्ली देत नाहीत. मोकळं दिसतं."

"छपराशिवाय घर झालं हे."

"आधी एकच शब्द, पानभर. ‘ये’ लिहा. य हातात बसला की प, ष, थ ही सगळी त्याची भावंडं बसतात. आणि वरची मात्रा मनगटाने उडवायची. अशी."

"ये कशाला? मी कुणाला ये म्हणत नाही."

"म्हणून तर," आतून ही म्हणाली, आणि माय-लेकी हसल्या.

३

आमचं घर वरच्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी. आमच्या वर फक्त गच्ची, आणि गच्चीला कुलूप. म्हणजे खालच्या मजल्याच्या पुढे ज्याचं पाऊल पडेल तो आमच्याकडेच येणार, दुसरीकडे जायला वाट नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल. टेबलाच्या डावीकडे घराचं दार. पाठीमागे बोळ, आणि बोळाच्या टोकाला हिची खोली.

दुपारी जेवणं झाली, ही पडली, की मी टेबलाशी बसायचो. पहिले चार दिवस य म्हणजे म्हशीचं शिंग दिसत होता. पण खोटं का बोलू, मजा यायला लागली. दाब द्यायचा, सोडायचा. मात्रा उडवायची. शेजारी पुन्हा तेच. झडप उघडा, झडप मिटा. माझं तोंड बंद, व्यायामवाली खूश, आणि ही वॉकर धरून पलंगापासून कपाटापर्यंत जाऊन परत यायला लागली. प्रत्येक पावलाला मला दोन शिव्या. तब्येत सुधारत होती.

अशाच एका दुपारी माझ्या ध्यानात आलं, की जिन्यात कुणीतरी चढतंय आणि अजून वर पोचलेलं नाही.

खूप खाली होतं. एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. मग एक पाऊल. मी पेन ठेवून कान दिला. शांत. असेल कुणी दमेकरी, म्हणून मी पुढची ओळ धरली. मात्रा उडवली. पाऊल.

पुढचा ये. मात्रा. पाऊल.

मी कारखान्यातला माणूस. नळात हवा अडकली की ठोके पडतात, ते जन्मभर ऐकलेत. उठून मोरीतल्या नळावर तळहात ठेवला. गार आणि मुका. दार उघडून कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. जिना रिकामा. कुणीतरी नुकताच पुसल्यासारखा स्वच्छ.

"कोण आलंय?" हिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग दार कशाला उघडलंत?"

मी दार लावलं.

४

दुसऱ्या दिवशी मी प काढले. ओळभर. जिना गप्प. थ काढले. गप्प. म्हटलं, बघ, म्हातारपणी कान वाजतात, दुसरं काही नाही. मग नुसता य काढला. काही नाही. त्या य च्या डोक्यावर मात्रा उडवली.

पाऊल.

आता ते खालच्या मजल्याच्या पुढे आलं होतं.

अंगावर काटा आला असं लिहितात. मला तसं काही झालं नाही. मला राग आला. बोलावलं कुणी ह्याला? आणि मग समोरच्या पानाकडे नजर गेली. वरपासून खालपर्यंत ये, ये, ये, ये. एवढ्या वेळा तर हिनेसुद्धा कुणाला म्हटलं नसेल. त्यातून डोक्यावर रेघ नाही. सगळं उघडं.

मी पानं चुरगळून बादलीत टाकली, पेनाला टोपण लावलं आणि डबा कपाटावर ठेवला. झालं. संपला विषय. पुढचे दिवस जिना गप्प राहिला, आणि मी परत व्यायामवालीच्या डोक्यावर उभा राहायला लागलो.

५

रविवारी धाकटी आली. डब्यावरची धूळ बघून तिचं तोंड उतरलं.

"सोडलंत?"

"हात दुखतो."

"मात्रा अडत असेल. थांबा, दाखवते." आणि मी नको म्हणेपर्यंत डबा खाली, कागद पुढे, टोपण बाजूला.

तिचा हात चलाख. ये, ये, ये, ये, एका दमात. आणि बाहेर जिन्यात धावत पावलं.

"थांब!"

"बघा तरी. मनगट सैल सोडायचं." ये, ये, ये.

"तुला काही ऐकू येतंय?"

"कुणीतरी चढतंय जिना." तिने मान वर केली नाही.

"वर आपल्याशिवाय राहतं कोण?"

"मग आपल्याकडेच येत असेल." आणि ओळीतला शेवटचा ये काढून तिने मात्रेला छान वळण दिलं.

पावलं दाराशी थांबली. बाहेरच्या पायपुसण्यावर कुणीतरी पाय पुसले. एक, मग दुसरा. नीट, सावकाश, परक्या घरी जाताना पुसतात तसे.

मी दाराला कडी घालायला उठलो. तेवढ्यात आतल्या खोलीतून हिचा आवाज, तोच जन्माचा गोड आवाज, "कोण आहे? या ना, आत या. उभे का?"

दार आत सरकलं. थोडंच, एक माणूस आडवा होऊन येईल एवढं. मग परत लागलं. हळू, आवाज न करता.

"वारा बघ कसा आहे," धाकटी म्हणाली.

खिडकीतला पडदा सरळ लोंबत होता.

६

त्या दिवसापासून हिने मला टाकून बोलणं सोडलं. रुसून नव्हे. रुसवा मला ओळखता येतो, संसारात तेच जास्त खाल्लंय. ही गोड झाली. चहा पाणचट झाला तरी "छान आहे." भाजी करपली तरी "असू दे." व्यायामवालीला म्हणाली, "दुखत नाही गं आता. उगीच कशाला उठायचं?" वॉकर भिंतीशी उभा राहिला, आणि एके दिवशी त्यावर टॉवेल वाळत पडला.

व्यायामवाली जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, हे लक्षण चांगलं नाही. चिडणारी माणसं उठतात. अशी शांत झाली की सोडून देतात. आत्ता नाही उठल्या, तर मग उठायच्या नाहीत."

"मी बोलू का तिला दोन शब्द?"

"बोला हो. आता तुम्हीच बोला," ती म्हणाली. माझ्यावर ही वेळ आली होती.

बोललो. "ऊठ. नाटकं करू नको." ही माझ्याकडे बघून हसली. भिंतीकडे बघून हसावं तसं. मग म्हणाली, "बाहेरची एक खुर्ची इथे आणून ठेवता का?"

"कुणाला?"

"असू दे. किती वेळ उभं राहायचं माणसाने."

खुर्ची ठेवली. काय करणार? दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसलो की आतून हिचं बोलणं ऐकू यायचं. हळू आवाजात. मधे थांबून, हूं म्हणून, परत. समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं. समोरून मात्र काही नाही. खुर्चीचा वेत तेवढा करकरायचा, बसलेला माणूस जरा पुढे वाकला की करकरतो तसा.

मी आत गेलो की खुर्ची रिकामी. मी स्वतःची समजूत घालायचो. औषधांची गुंगी आहे. वेत जुना आहे. आणि काहीही असलं तरी रिकाम्या खुर्चीशी भांडायला मी अजून खुळा झालेलो नाही. धाकटीने लिहिलेला कागद मात्र टेबलावर तसाच होता. का कुणास ठाऊक, तो चुरगळायला माझा हात होत नव्हता. आत आलेल्याला मागून दार लावून कोंडल्यासारखं वाटलं असतं ते.

"कुणाशी बोलतेस?" एकदा विचारलंच.

"तुम्हाला माणसं आवडत नाहीत. तुम्हाला कशाला चौकशा?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "फार शांत आहे हो. पाणीसुद्धा मागत नाही."

७

एका दुपारी आतलं बोलणं थांबलं, म्हणून मी उठलो.

बोळात उभा राहिलो. हिच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. फटीतून खुर्चीचा पुढचा भाग तेवढा दिसत होता. खुर्चीत दोन गुडघे होते. जवळजवळ ठेवलेले, नीट. गुडघ्यांवर दोन हात. पाहुणा पहिल्यांदा घरी येतो आणि अवघडून बसतो, तसे.

वरचं दाराआड होतं. ते मला दिसलं नाही आणि बघायचंही नव्हतं. पण हात बघितले. माझ्या हातांवर वाफेने भाजल्याचे डाग आहेत, एक नख वाकडं आहे, बोटं पान्याला वळलेली आहेत. हिचे हात भांड्यांनी खाल्लेले. हात म्हटला की त्याला काहीतरी झालेलं असतंच. त्या हातांना काहीच झालेलं नव्हतं. जाणत्या पुरुषाचे हात, आणि कशालाही न लागलेले. मग त्यातला एक उताणा झाला आणि पलंगाकडे पुढे झाला. तळव्यावर एकही रेघ नव्हती.

पलंग करकरला. ही म्हणाली, "बरं मग. येते."

निघणारं माणूस येते म्हणतं. हाक मारल्यावर ओ देणारंही येतेच म्हणतं. हिने माझा निरोप घेतला, की त्याला ओ दिली, ते मला कळेना. आणि एकदम कळलं, की दोन्ही एकच आहे.

मी ओरडायला तोंड उघडलं. नरड्यातून वारा आला नुसता. मग मी काय केलं असेल, तर पाठ फिरवली आणि टेबलाकडे गेलो. जे लिहून आलं ते लिहूनच निघेल, असा काही विचार केला म्हणाल तर नाही. हातात पेन कधी आलं ते ठाऊक नाही. समोर धाकटीने काढलेल्या ये ची ती ओळ. त्याच पानावर, त्या सगळ्यांच्या छातीवर, मी ज काढला. ज मला कुणी शिकवला नव्हता. चौथीतला होता तोच, पोट सुटलेला. पण दाब दिला. फुटायला आलेल्या बॉयलरची झडप पिळताना द्यायचो तेवढा. पेनाचं टोक फाकून चवरी झाली. मग काना, वरून खालपर्यंत, टेबल हललं. आणि शेवटी डोक्यावर रेघ. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाडजूड. छप्पर घातलं.

रेघ संपली आणि माझा आवाज सुटला.

"जा!"

खिडकीची काच थरथरली. खाली रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

पाठीमागून काहीतरी बोळातून आलं आणि माझ्या मागून दाराकडे गेलं. घाईने नव्हे. अपमान गिळून माणूस जातो तसं. दार उघडलं, लागलं. मग पावलं. खाली, खाली, अजून खाली. मी पेन गच्च धरून उभा होतो. माझा हात हलत नव्हता आणि पावलं पडत होती. ती आपली आपण जात होती.

मग काहीच ऐकू येईना. कुत्रासुद्धा गप्प झाला.

आणि बोळात ठक्क झालं.

८

ठक्क. मग फरफट. मग ठक्क.

माझ्या मागे, बोळात. हिच्या खोलीकडून माझ्याकडे. म्हणजे गेला तो कोण आणि हा कोण? मी मागे बघितलं नाही. पुढे पळावं, तर समोर टेबल. ठक्क. फरफट. घरघर श्वास. अगदी मानेशी.

"शरम नाही वाटत?"

मी वळलो. वॉकर धरून ही उभी होती. केस पिंजारलेले, पदर खांद्यावरून खाली, वॉकरवरचा टॉवेल तसाच लोंबतोय आणि तोंड रागाने लालबुंद. पलंगापासून बाहेरच्या खोलीपर्यंत एकटी आली होती.

"घरी आलेल्या माणसाला जा म्हणतात? असं वस्सकन? काय वाटलं असेल त्याला!"

"अगं, तू चाललीस."

"चालतेय नाहीतर काय, उडतेय? एवढा ओरडा झाल्यावर पडून राहू होय? आई गं, मेला हा पाय! खुर्ची द्या आधी. बघत काय उभे राहिलात खांबासारखे?"

मी खुर्ची दिली. टेबलाजवळची दिली, आतली नाही. ही बसली आणि पाय धरून कण्हायला लागली. दुखत होतं हिला. चांगलं सणकून दुखत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी शाई पुसायच्या फडक्याने पुसलं आणि तोंड काळं करून घेतलं. त्यावर ही हसली. माझ्याकडे बघून, मला.

"चहा ठेवा," म्हणाली. "आणि साखर घाला जरा. रोज ते गटारातलं पाणी पाजता."

असं बरं वाटलं म्हणून सांगू. कारखान्याचा भोंगा होऊन सुट्टी झाली की वाटायचं तसं.

चहा पिता पिता हिने बशी खाली ठेवली. "तो बिचारा सभ्य हो. तुम्ही एवढं टाकून बोललात, तरी दारातून वळून ‘येतो’ म्हणाला."

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. निघताना माणूस दुसरं काय म्हणतो? तुम्ही निदान ‘या’ म्हणायचं."

"मी नाही म्हणत," मी म्हणालो.

आता ही रोज चालते. काल जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन आली. माझी शिव्यांची आमदनी पूर्वीसारखी चालू आहे. आतली ती खुर्ची मी फोडून टाकली, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली, आणि तीही गोड लागली.

धाकटीने तो कागद बघितला आणि उचलून खिडकीशी उजेडात नेला. "बाबा, हा दाब बघा. हे असं क्लासमध्ये कुणालाच जमत नाही. पण वर रेघ का दिलीत?"

"राहू दे. शोभते."

तिने तो चौकट करून आणला. मी तो बाहेरच्या खोलीत लावलाय, दार उघडलं की बरोबर समोर दिसेल असा. पाहुणे दारातच अडखळतात. मीटरवाला मीटर न बघता परत गेला. ही कपाळावर हात मारते, म्हणते काढा तो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मी काढत नाही.

येतो म्हणालाय, म्हणजे कधीतरी येणारच. ते मलाही कळतं. पण दार उघडल्यावर आधी हे वाचेल. ‘ये’ वाचता आलं, तर ‘जा’ही वाचता येईलच.